उणे चाळीसच्या खाली

कंपनी बुडाली तेव्हा बस रस्त्यावर होती.
जोडणारे पांगले, नव्या नोकऱ्यांत रुळले,
आणि तिच्या तारांतल्या कुठल्या आकड्याला काय म्हणायचं
हे सांगणारी फाइल
कुणाच्या तरी लॅपटॉपसोबत गेली.

कारास्योकच्या डेपोत, बसच्या मधल्या पायरीवर,
रिस्तीन मांडीवर स्क्रीन घेऊन बसते.
ओळी धावतात. सेकंदाला हजारएक निरोप,
खाली सही नाही.
प्रत्येकात आठ खाने, खान्यात आठ दिवे,
लागलेले नाहीतर विझलेले.

"दार," ती ओरडते.
ओदवार आपल्या खुर्चीतून दार उघडतो.
तिसऱ्या खान्यात एक दिवा लागतो.
"परत." परत लागतो.
"आता काही दाबू नकोस."
तो दाबतोच. एकतीस वर्षं लोक चढले-उतरले,
बोटाला उघडं दार बघवत नाही.

मग ती लिहिते: सुरुवात कुठल्या दिव्यापासून,
लांबी एक. गुणायचं एकाने. मिळवायचं काही नाही.
नाव: मधलं दार.
बारशाला निदान आत्या लागते, कानात सांगायला;
इथे सांगणारी तीच, आणि कान कुणाचा ते माहीत नाही.

असं वायपर सापडलं. असा हॉर्न,
जो ओदवारने गरजेपेक्षा पाच वेळा जास्त वाजवला.

चाकाच्या वेगाने मात्र दोन दिवस खाल्ले.
दोन खाने, आणि बस मुंगीच्या पावलाने सरकली तरी
आकडा कड्यावरून उडी मारायचा.
कॉफी पिताना ओदवार तिकिटांचे पैसे मोजत होता,
त्याच्या जुन्या, घरच्या रीतीने:
एक-आणि-चाळीस, दोन-आणि-चाळीस, तीन-आणि-चाळीस.
शाळेत तिला चाळीस-तीन शिकवलेलं.
ती कप हातात धरून थांबली.
धाकटा आधी, थोरला मागून.
खाने उलटे वाचले, आणि चाक गुळगुळीत फिरू लागलं.
(त्रेचाळीस म्हणत वाढलेल्या मला
यात नवल वाटलं नाही, थोडा मान ताठ झाला इतकंच.)

बाहेरचं तापमान सोपं निघालं.
सेन्सरवर तळहात धरला, आकडा चढला.
एक खाना, शून्य ते दोनशे पंचावन्न,
त्यातून चाळीस वजा.
तारेत ऋण चिन्हाला जागा नसते,
म्हणून कुणीतरी, गरम ऑफिसात बसून,
शून्याची पायरी खाली नेऊन ठेवली:
शून्य म्हणजे उणे चाळीस.
इतकी थंडी पुरे, असं त्याला वाटलं असणार.

जानेवारीत एका सकाळी
डेपोची शटरं किंचाळत वर गेली.
स्क्रीनवर: उणे चाळीस.
तासाने: उणे चाळीस. रेघ सरळ, टेबलाच्या कडेसारखी.
ओदवार बाहेरून आला, पापण्या पांढऱ्या,
खांबावरच्या नळीत बघून.
पारा केव्हाच गोठला असता, म्हणून त्यात तांबडं अल्कोहोल.
"तीन-आणि-चाळीस," तो म्हणाला, "खाली."

रिस्तीनने तार तपासली. सेन्सर तपासला.
कुणीच खोटं बोलत नव्हतं.
खान्यातले सगळे दिवे विझलेले;
याहून जास्त विझायचं कसं,
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
ते तीन अंश बसच्या बाहेर उभे होते,
लोखंडात शिरत, टायरची रबर दगड करत,
आणि आत त्यांच्यासाठी शब्द नव्हता.

व्याख्येत ती फार काही बदलू शकत नव्हती.
किमान, कमाल, एकक, सगळं बरोबर होतं.
शेवटी शेरा लिहायची एक चौकट असते,
जी बहुधा सगळे रिकामीच सोडतात.
तिने हातमोजा काढला आणि टाइप केलं:

शून्य दिसलं तर ते उणे चाळीस असेल
किंवा काहीही असेल.
बस काढण्याआधी ओदवारला विचारा.

मे महिन्यात तो निवृत्त झाला.
शेरा तिने काढला नाही.
नवा ड्रायव्हर पहिल्या गारठ्यात तो वाचून
डेपोभर विचारत फिरला,
आणि रिस्तीनने त्याला
खांबाकडे बोट दाखवलं.